सर टीव्हीत, पोट्टे ग्राऊंडवर

टीव्हीवर कॉलेजचं फिजिक्स शिकवणारे सर दिल्लीचे असोत, मद्रासचे असोत की कानपूरचे, पहिल्या पाच मिनिटांत एक वाक्य हमखास टाकतात: हे तुम्ही आधी शिकलेलाच आहात. आवाजात इतका विश्वास असतो की ऐकणाऱ्याला वाटावं, आपण शिकलो असू, आपल्यालाच कोणी सांगितलं नसेल. भंडारा-पवनी रस्त्यावरच्या आमच्या कोंढ्यात हे वाक्य कानावर पडलं की पोट्टे एकमेकांकडे बघतात.

‘तू शिकला का बे?’

‘मी त्या दिवशी धानाच्या रोवण्यात होतो.’

मी स्वतः फिजिक्सवाला. तासिका तत्त्वावर, म्हणजे आमच्या भाषेत सीएचबी. जितके तास तितके पैसे आणि कॉलेजला सुट्टी लागली की पैशालाही सुट्टी. त्यामुळे टीव्हीतल्या सरांबद्दल माझ्या मनात असूया आहे, ती कशाला लपवू? ‘स्वयंप्रभा’ या सरकारी शैक्षणिक वाहिन्यांचा हिशोब असा की रोज चार तासांचे नवे पाठ आणि तेच पाठ दिवसभरात आणखी पाच वेळा. सहाव्या वेळीही सरांचा उत्साह तोच, शर्टाची इस्त्री तीच. मी तोच धडा दुसऱ्या तुकडीला शिकवायला उभा राहतो तेव्हा माझा चेहरा शिळ्या भातासारखा झालेला असतो. एकाच बाबतीत मी त्यांच्या पुढे आहे. मला पोट्टे दिसतात. कोण झोपला, कोण आला नाही, कोणाची मान ‘समजलं’ म्हणून हलते आणि कोणाची डुलकीनं, हे मला कळतं. टीव्हीतल्या सरांना समोर कॅमेरा दिसतो, आणि कॅमेरा कधी तोंड वाकडं करत नाही.

समोरचा न दिसता शिकवायची ही रीत आजची नाही. विद्यापीठ अनुदान आयोगानं १५ ऑगस्ट १९८४ ला दूरदर्शनवर ‘कंट्रीवाइड क्लासरूम’ सुरू केलं. इन्सॅट-१बी नावाचा उपग्रह आदल्याच वर्षी वर गेला होता, त्याच्यावरून. हेतू अगदी सोन्यासारखा: लहान गावांतल्या कॉलेजांत शिकणाऱ्यांपर्यंत चांगलं शिकवणं पोचावं. कार्यक्रम मुद्दाम अभ्यासक्रमाला बांधलेले नव्हते, पोरांची नजर रुंदावी म्हणून होते. भाषा बहुतेक इंग्रजी. आणि वेळ दुपारची.

आता दुपारी कॉलेजातलं पोरगं कुठं असतं? कॉलेजात, नाहीतर एसटीच्या पायरीवर. टीव्ही कुठं असतो? घरी. दिल्लीत बसून ज्यानं हे वेळापत्रक आखलं त्याला बहुधा वाटलं असेल की खेड्यातला विद्यार्थी दुपारी जेवून, हात पुसून, वही उघडून टीव्हीसमोर बसतो. गावात टीव्ही आले तेव्हा त्या वेळेला खाटेवर खरोखर कोण बसलेलं असायचं, तर आमचे शेजारचे आबाजी. शिक्षण चौथी पास. इंग्रजीचा गंध नाही. पण एका साहेबानं पाण्यावर सुई तरंगवलेली त्यांना अजून आठवते, आणि त्या साहेबाची चूकही आठवते. ‘त्यानं सुई बोटानं सोडली. म्हणून एकदा बुडाली. कागदावर ठेवून सोडाची, कागद आपोआप खाली जाते.’ पृष्ठताण हा शब्द आबाजींनी आयुष्यात उच्चारलेला नाही, पण पदवीच्या प्रॅक्टिकलला बसवलं तर मी त्यांना पैकीच्या पैकी मार्क देईन. रेकॉर्ड बुक मात्र दुसऱ्यानं लिहून द्यावं लागेल. तेवढं आमचे पोट्टेही करतातच.

ज्याच्यासाठी शिकवायचं तो उठून गेला आणि त्याच्या जागी भलताच येऊन बसला, हे काही कोंढ्याचंच दुखणं आहे असं कोणी समजू नये. रिचर्ड फाइनमन यांनी १९६१ ते १९६३ या काळात अमेरिकेतल्या कॅलटेकमध्ये पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या पोरांना फिजिक्स शिकवलं. त्या व्याख्यानांचे लाल कव्हरचे तीन खंड जगभरच्या प्राध्यापकांच्या कपाटात असतात. कपाटात म्हणतो आहे, वाचलेले म्हणत नाही. पुढं त्यांचेच सहकारी डेव्हिड गुडस्टीन आणि गेरी नॉइगेबाउअर यांनी लिहून ठेवलं की वर्ष सरत गेलं तशी ज्यांच्यासाठी व्याख्यानं होती ती पोरं गळायला लागली, आणि रिकाम्या जागांवर प्राध्यापक नि वरच्या वर्गातले विद्यार्थी येऊन बसायला लागले. खोली भरलेलीच राहिली, म्हणून फाइनमनना बहुधा पत्ताच लागला नाही. कॅलटेकची पोरं गळाली! निवडून निवडून घेतलेली, रोवणा नसलेली, एसटी न चुकणारी पोरं. हे वाचलं त्या रात्री मला फार शांत झोप लागली.

याच गुडस्टीननी पुढं टीव्हीसाठी ‘द मेकॅनिकल युनिव्हर्स’ हा कॉलेजच्या फिजिक्सचा अभ्यासक्रम केला. १९८५ मध्ये तो अमेरिकेत दाखवायला सुरुवात झाली, भाग ५२. त्यात जिम ब्लिन यांनी संगणकावर काढलेली चित्रं होती. ग्रह फिरतायत, समीकरणातली पदं उड्या मारून इकडून तिकडे जातायत. मधेमधे जुन्या काळचे कपडे घातलेले नट केपलर नि न्यूटन होऊन वावरतात. मी हे इंटरनेटवरून उतरवून वर्गात दाखवलं तेव्हा शेवटच्या बाकावरचा एक जण पहिल्यांदा ताठ बसला. का, ते कळायला त्याची पार्श्वभूमी माहीत पाहिजे. तो दिवाळीनंतर मंडईत, म्हणजे आमच्याकडच्या जत्रेत, दंडार हे लोकनाट्य करतो. हिवाळाभर झाडीपट्टीची नाटकं बघत रात्री काढतो. रात्री सुरू झालेलं नाटक उजाडल्यावर संपतं, आणि दहाच्या तासाला तो माझ्यासमोर येतो. शिकवणाऱ्याकडून त्याची अपेक्षा ठरलेली: एन्ट्री पाहिजे, टाळीचं वाक्य पाहिजे, मधे एखादं लावणीवजा गाणं असेल तर उत्तम. ‘सर, तो केपलर चांगला केला त्यानं. पण आवाज मागंपर्यंत जात नाही.’ ग्रहाची कक्षा लंबवर्तुळाकार असते हे त्याच्या ध्यानात राहिलं की नाही, ते पेपरातच कळेल. केपलरचा कोट मात्र ध्यानात राहिला.

आता ‘स्वयंप्रभा’. ९ जुलै २०१७ ला त्याचं उद्घाटन झालं तेव्हा एकदम बत्तीस वाहिन्या, चोवीस तास, फुकट. छपरावर फ्री डिशची ताटली असली की झालं. त्यातल्या काही वाहिन्या आयआयटीची प्रवेश परीक्षा देणाऱ्या अकरावी-बारावीच्या पोरांसाठी, नाव ‘आयआयटी-पाल’. आमच्याकडे आजीनं हे नाव ऐकलं आणि आधी भिंतीकडे पाहिलं.

फुकट असलं तरी ताटली आपोआप बसत नाही, त्यासाठी फिटरभाऊ लागतात. हे दहावी नापास. दोनदा. दोन्ही वेळा विज्ञानात. त्यांना एकदा कामावर बघा. छपरावर उभं राहून मोबाइलमधलं होकायंत्र काढतात आणि आग्नेयेकडे तोंड करतात, कारण ज्यावरून हे सगळं येतं तो जीसॅट-१५ उपग्रह विषुववृत्तावर, साडेत्र्याण्णव अंश पूर्व रेखांशावर, जमिनीपासून छत्तीस हजार किलोमीटर उंच उभा आहे. उभा म्हणजे आपल्याला उभा. पृथ्वी जेवढ्या वेळात एक गिरकी घेते तेवढ्याच वेळात तोही एक फेरी मारतो, म्हणून जागचा हलत नाही असं वाटतं. आमच्या भागातून तो क्षितिजापासून साधारण साठ अंश वर येतो. पण ताटली बघितली तर ती समोरच्या घराच्या गच्चीकडे टक लावून बसल्यासारखी दिसते, कारण तिचा आकार तिरका कापलेला असतो, दिसते त्यापेक्षा ती बरीच वर बघत असते. फिटरभाऊंना हे कोणी शिकवलं नाही, आणि समीकरण समोर ठेवलं तर ते बाजूला सरकवून त्यावर चहाचा कप ठेवतील. घरमालकीण म्हणते, ‘आग्नेयेला कशाला लावता, तिकडं आमचं सैपाकघर आहे.’ ते म्हणतात, ‘वहिनी, उपग्रहानंही वास्तू बघूनच जागा घेतली.’ मग वरून ‘आलं काऽऽ?’ आणि खालून ‘आलंऽऽ... गेलंऽऽ!’ असा अर्धा तास चालतो. बोटभर हललं की सिग्नल गायब. माझ्या स्पेक्ट्रोमीटरवर पोट्टे इतकी नजाकत दाखवतील तर मी पेढे वाटीन.

एवढं करून वाहिनी लागते जुलैत, सेमिस्टर सुरू व्हायला. जुलैत आमच्याकडे दोन गोष्टी होतात. एक म्हणजे पाऊस. उपग्रहावरून येणाऱ्या या लहरींची लांबी अडीच सेंटिमीटरच्या आसपास, आणि पावसाचे टपोरे थेंब त्यांना मधेच शोषतात, विखुरतात. सर लहरींवर शिकवत असतात, फळ्यावर साइनची रेघ निम्मी काढून झालेली असते, आणि आभाळ फुटलं की चित्राचे चौकोन होऊन सर हवेत हात धरून थिजतात. याहून चांगलं प्रात्यक्षिक मी वर्गात करू शकत नाही. पण बघायला कोणी असेल तर ना. कारण दुसरी गोष्ट म्हणजे रोवणा. पऱ्हे उपटून चिखल केलेल्या बांधीत लावायचे दिवस. गावात मजूर मिळत नाही, मग बीएस्सीला असलेला पोरगाही वाकतो आणि पोरगीही. सहा वेळा पाठ दाखवतात म्हणून कौतुक करावं, तर सहाही वेळा विद्यार्थी बांधीतच. रात्री बघावा म्हणावं, तर कृषीपंपाला रात्रपाळीची लाईट आली की मोटार सुरू करायला कोण जाणार? तोच. आर्किमिडीजपासून बर्नुलीपर्यंत पाण्याविषयी जे जे टीव्हीत सांगतात, त्या वेळी तो पाणीच बघत धुऱ्यावर बसलेला असतो.

पोट्ट्यांच्या अपेक्षांचं विचाराल तर त्यांची मागणी एकच आणि ती कुठल्याही सरांनी पुरवलेली नाही: हे कितीला येते? पाचला की दहाला? टीव्हीतले सर पाऊण तास आइनस्टाइनपर्यंत जाऊन येतात, पण प्रश्न लाँग येतो की शॉर्ट, हे बोलत नाहीत. बोलणार कसे? त्यांना सगळ्या देशाला शिकवायचंय आणि पेपर काढणार नागपूर विद्यापीठ. टीव्हीतल्या सरांची अपेक्षा अशी की पोरानं ‘का’ विचारावं. प्रा. यशपाल यांच्यासारखा माणूस याच ‘का’साठी जीव टाकायचा. वैश्विक किरणांवर संशोधन केलेला, अनुदान आयोगाचा अध्यक्ष राहिलेला माणूस, पण नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला दूरदर्शनच्या ‘टर्निंग पॉइंट’ कार्यक्रमात बसून कोणा खेड्यातल्या पोराच्या पत्रातल्या शंकेला हसत हसत उत्तर द्यायचा. ती पत्रं लिहिणाऱ्या पोरांना मार्क मिळत नव्हते, आणि तरी ती लिहायची. आमचे पोट्टे ‘का’ विचारत नाहीत असं नाही. मला विचारतात: ‘सर, तुम्ही काहून पर्मनंट नाही झाले?’

प्रॅक्टिकलला तर ‘का’चा संबंधच येत नाही. लंबक टांगला की गुरुत्वीय त्वरण दर वर्षी, दर पोराचं, बरोबर ९८० येतं. पृथ्वी काही सगळीकडे सारखी ओढत नाही. विषुववृत्तावर ९७८, ध्रुवावर ९८३, आणि आमच्या अक्षांशावर ते ९७८.६ च्या आसपास यायला पाहिजे. पण बाहेरून आलेल्या परीक्षकाला बाहेरचीच किंमत दाखवावी, घरची कशाला, असा पोट्ट्यांचा विचार. एका पोरीचं खरोखर मोजून ९७६ आलं. ती रडवेली झाली. तिनं खोडून ९८० केलं तेव्हा कुठं मैत्रिणींनी तिला सोबत जेवायला घेतलं.

आणि घरच्यांच्या अपेक्षा? त्यांना ‘फिजिक्स’ नि ‘फिजिकल’ यांत फारसा फरक वाटत नाही, आणि खरं सांगू, त्यांचा हिशोब माझ्यापेक्षा पक्का आहे. पहाटे कोंढ्याच्या रस्त्यावर उभे राहा. अंधारात पावलं वाजतात, पोट्टे पळतायत. पोलीस भरतीचं फिजिकल: मुलांना सोळाशे मीटर, शंभर मीटर आणि गोळाफेक, मिळून पन्नास मार्क. मग शंभराची लेखी, त्यात मराठी व्याकरण, गणित, बुद्धिमत्ता, सामान्यज्ञान. फिजिक्सचा पेपर नाही. बीएस्सीला प्रवेश घेतलेल्यांतले निम्मे तरी या रस्त्यावर भेटतात. त्यांच्या बापांना विचारा, पोरगा काय शिकतो? ‘ग्राऊंड करते.’

त्यातल्याच एकानं टीव्हीतला प्रक्षेप्य गतीचा पाठ नेमका पूर्ण पाहिला. पाऊस नव्हता, रोवणा संपला होता. सरांनी सांगितलं, जास्तीत जास्त लांब फेकायचं तर पंचेचाळीस अंशात फेका. दुसऱ्या दिवशी यानं सव्वासात किलोचा गोळा पंचेचाळीस अंशात फेकला आणि रोजच्यापेक्षा अर्धा हात अलीकडे पडला. तो माझ्याकडे आला तो तक्रार घेऊनच. टीव्हीतले सर खोटं बोलतात.

नोकरीत मला क्वचितच इतका आनंद झाला असेल. म्हटलं, बाबू, सर खोटं नाही बोलत. सर जमिनीवरून फेकून जमिनीवर पाडतात. तू जमिनीवरून फेकतो का? तो हातापासून सुटतो तिथं उंची किती? टेलरकडचा टेप आणला, भिंतीला खांदा लावून उभा केला, हात वर. दोन मीटरला थोडं कमी. आणि पडतो किती लांब? साडेआठ मीटर धरा. मग खडू घेतला. गोळा आधीच वर असल्यानं त्याला खाली यायला फुकटचा वेळ मिळतो, म्हणून तो जरा चपटा फेकलेला बरा. हिशोब अडतीस-एकोणचाळीस अंशांवर येऊन थांबला. शिवाय खांद्याला वरच्या दिशेपेक्षा पुढच्या दिशेनं जास्त जोर लावता येतो, म्हणून नावाजलेले गोळाफेकवाले त्याहूनही खाली फेकतात. फळ्याभोवती पोट्टे जमले. जे वर्गात कधी आले नाहीत ते, दंडारवाला, बी.ए.चे दोघं, आणि भरती करणाऱ्या तीन मुली. त्यांचा गोळा चार किलोचा, तर त्यांचा कोन वेगळा येईल का, हे त्यांनीच विचारलं. त्या दिवशी एकानंही विचारलं नाही की हे कितीला येते. विचारायची गरजच नव्हती. गोळाफेक पंधराला येते, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

आता राहिला प्रश्न हाताचा. अडतीस अंश म्हणजे हात नेमका कुठं? कंपासपेटीतला कोनमापक खांद्याला लावून झाला, तो घामानं चिकटला आणि सगळे हसत सुटले. तेवढ्यात रस्त्यावरून फिटरभाऊ चालले होते, गाडीला ताटली बांधून. त्यांना हाक मारली. त्यांनी मोबाइलमधलं कोन मोजायचं अ‍ॅप काढलं, पोराच्या दंडाला टेकवलं, एक डोळा मिटून हात थोडा खाली दाबला, परत वर घेतला. ‘अडतीस. लॉक.’ हात असा कुलूप लावून फेकता येत नसतो, हे मी सांगायच्या आधीच पोरानं फेकला. गोळा कुठं पडतो ते बघायला सगळे धावले. टेप लावायला दोघं, वाद घालायला आठ.

फिटरभाऊ तिथंच उभे राहून सवयीनं ओरडले, ‘आलं काऽऽ?’

‘आलं! दीड फूट पुढं!’

‘मग अँगल बसवायचे शंभर द्या,’ ते गाडीला किक मारत म्हणाले. ‘दिशा बदलायची असेल तर वेगळे.’